‘दारू घेता का कधी?’

डॉक्टरांनी रिपोर्टवरून नजर न उचलता विचारलं, "दारू घेता का कधी?" आणि आत्या माझ्याकडे बघायला लागली, म्हणजे प्रश्न मला विचारला असेल अशा आशेने. डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं, फॅटी लिव्हर दिसलं की हे विचारावंच लागतं, साध्वी समोर बसली असली तरी. पण केबिनचं दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर खुर्चीवर तिच्या भजनी मंडळातल्या एक बाई गुडघ्याच्या एक्सरेची पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या. खोकल्याच्या बाटलीवर अल्कोहोल लिहिलेलं दिसलं तर बाटली परत करणारी आमची आत्या. "नाही हो," एवढंच म्हणाली, ते पण इतक्या बारीक आवाजात की मी डॉक्टर असते तर मला शंका आली असती. रिक्षात बसल्यावर तिने रिपोर्टची घडी घातली, मग त्या घडीची अजून एक घडी, आणि पर्सच्या आतल्या चेनच्या कप्प्यात, जिथे लॉकरची चावी असते तिथे, सरकवली. नाशिकच्या मालेगाव स्टँडच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा म्हणाली, "घरी नुसतं पित्त म्हणून सांग हं."

पित्तासाठीच गेलो होतो खरं तर. जेवण झालं की उजव्या बाजूला जड जड वाटतं, ढेकर येतात, म्हणून पित्ताशयात खडे आहेत का बघायला सोनोग्राफी सांगितलेली. खडे नव्हते. हे दुखणं बहुतेक वेळा असंच दुसरं काहीतरी शोधताना सापडतं, कारण ते स्वतःहून ओरडतच नाही. लिव्हरच्या आत वेदना कळवणाऱ्या नसाच नसतात म्हणे, नसा असतात त्या वरच्या आवरणाला, त्यामुळे वर्षानुवर्षं आत काय चाललंय याचा घरमालकाला पत्ता नाही.

घरी पित्त सांगितलं. पण मला ती घडीवर घडी घातलेली आठवत राहिली, कारण तिला कशाची भीती वाटली ते मला माहीत होतं. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक भाडेकरू काका राहायचे. प्रेसमध्ये नोकरी, हात सोन्याचे, गणपतीची आरास दरवर्षी तेच करायचे, आणि संध्याकाळी प्यायचे. शेवटी शेवटी हातपाय काड्या आणि पोट मात्र टम्म, डोळ्यांचा पिवळेपणा अंगणातूनसुद्धा दिसायचा. आम्हा पोरांना तिकडे जायची बंदी होती, पण त्यांच्या खोलीतून येणारा एक गोडसर कुबट वास चौकापर्यंत यायचा तो मला आजही ओळखता येईल. "लिव्हर गेलं" असं मोठी माणसं हळू आवाजात बोलायची, आणि त्यांच्या बायकोशी बोलताना आवाज अजून हळू व्हायचा. तेव्हा आमच्या घराण्यात लिव्हर म्हणजे ते काका. रक्तदाब झाला की माणूस चारचौघात सांगतो, शुगर तर हळदीकुंकवाला एकमेकींना विचारून होते, पण लिव्हर म्हटलं की आत्याच्या डोळ्यांसमोर ती मागची खोली येत असणार.

आणि ही बाई आख्ख्या देशाला वाईन पुरवणाऱ्या गावात त्रेसष्ट वर्षं राहिली, एक थेंब न घेता!

मग हे झालं कसं, हा प्रश्न तिने मला पुढच्या आठवड्यात फोनवर विचारला, आधी आजूबाजूला कोणी नाही ना याची खात्री करून. आणि त्याआधी स्वतःचा इलाज स्वतः करून मोकळी झाली होती. फॅटी म्हणजे तेलातुपाचं, म्हणून वरणावरचं तूप बंद. चहा मात्र तसाच, दिवसाला पाच कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, दोन म्हणजे तिच्या चमच्याने, ज्यावर साखरेचा डोंगर असतो. मला हे समजवायला कांद्याची चाळ मदतीला आली, कारण तिचं आजोळ निफाडकडचं. चाळीत कांदा भरतात तो भाव येईपर्यंत, ठीक आहे, साठवण हे चाळीचं कामच. लिव्हरचंही ते एक काम आहे, खाल्लेल्यातलं जास्तीचं ठेवून घ्यायचं आणि लागेल तसं काढून द्यायचं. पण माल येतच राहिला, बाहेर काही जाईना, मापाबाहेर थप्पी लागली की मधली हवा बंद होते आणि आतला कांदा सडायला लागतो, वरून बघणाऱ्याला चाळ झकास भरलेली दिसते. "मग तूप का नाही बंद करायचं?" तर करायचंय माफक, पण लिव्हरात साठणाऱ्या चरबीत ताटातल्या तेलातुपातून थेट येणारा वाटा त्यामानाने लहान असतो. बराचसा माल अंगावर साठलेल्या चरबीतून रक्तात सुटून येतो, कारण इन्सुलिनचा हुकूम शरीर नीट ऐकेनासं झालेलं असतं, आणि बाकीचा लिव्हर स्वतः बनवतं, साखरेपासून, स्टार्चपासून. पाच चहातल्या दहा चमच्यांपासून. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "मग ते तूप मी उगाच बंद केलं." दुःख त्याचं जास्त होतं.

खरी पंचाईत उपवासांची. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी, श्रावण तर विचारूच नका. तिचा उपवास बघण्यासारखा असतो. आदल्या रात्री साबुदाणा भिजवताना पाणी बोटाच्या पेराने मोजायचं, सकाळी तो हाताने मोकळा करायचा, एकही दाणा चिकटता कामा नये, तुपात जिरं आणि हिरवी मिरची तडतडली की बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट जाडसरच, आणि शेवटी चिमूटभर साखर, "चवीला". त्या खिचडीचा वास जिन्यात आला की शेजारचे काहीतरी निमित्त काढून येतात. मी लहानपणी उपवास धरायचे ते देवासाठी नाही तर त्या ताटासाठी. पण साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीनच्या नावाने शून्याच्या आसपास, वर बटाटा, संध्याकाळी भगर, मध्ये राजगिऱ्याचा लाडू, केळ्याची शिकरण. महिन्यातले दहाबारा दिवस पुण्य कमावता कमावता तिने आपल्या चाळीत काय भरलं याचा हिशोब मला मांडता येत होता, पण तोंडावर बोलवेना. तिच्या नवऱ्यामागे, दोन मुलं वाढवताना, ह्या उपवासांनीच तिला आठवड्याची आखणी दिली होती. कॅलरीच्या तक्त्यात ही गोष्ट कुठे लिहिणार.

तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, अंबडला कंपनीत आहे. त्याला शेवटी मी सांगितलंच, कोणीतरी घरात माहीत असायला हवं म्हणून. तो हसायला लागला. "अगं फॅटी लिव्हर ना? मलापण आहे, ग्रेड वन. कंपनीच्या चेकअपला निम्म्या लाइनला निघालं. सगळ्यांनाच असतं." हे तो रविवारी सकाळी गंगापूर रोडकडच्या एका मिसळीच्या मळ्यात बसून सांगत होता, समोर तर्रीचा दुसरा वाडगा, पावाची तिसरी जोडी फोडलेली, आणि सोबत जिलबी, कारण आमच्याकडे मिसळीशेजारी जिलबी नसेल तर लोकांना काहीतरी विसरल्यासारखं होतं. त्यातल्या मटकीबद्दल माझी काही तक्रार नाही, मोड आलेली मटकी कोणत्याही डायटिशियनला चालेल, ती बिचारी तळाशी फरसाणाखाली दबलेली असते. बहिणीच्या नात्याने मी जिलबीची प्लेट माझ्याकडे ओढली, तर म्हणाला, "तुला हवी असेल तर सांग ना, अजून मागवू."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकाच घरात एकाच आजाराचे दोन टोकाचे रुग्ण आहेत. आईला इतकी लाज की रिपोर्ट लॉकरच्या चावीशेजारी, आणि लेकाला इतकी बेफिकिरी की रिपोर्ट कुठे ठेवला तेच आठवत नाही. आणि दोघांनी त्यावर काय केलं, तर काहीच नाही.

सगळ्यांनाच असतं हे तसं खोटंही नाही, फार जणांना असतं, इतक्यांना की केंद्र सरकारने २०२१ मध्ये मधुमेह, रक्तदाब, कॅन्सर, हृदयविकार यांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हेही घातलं. पण खूप जणांना असणं आणि साधं असणं यात फरक आहे ना. बहुतेकांचं लिव्हर नुसतं चरबीवर थांबतं, काहींच्यात सूज येते, सूज राहिली की जखमेचे व्रण धरायला लागतात, व्रण वाढत वाढत सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक पडून निकामी व्हायला लागणं, आणि हा सगळा प्रवास दारूशिवाय होतो, मागच्या खोलीतल्या काकांच्या मुक्कामाला दुसऱ्या रस्त्याने. आणि गंमत अशी की फॅटी लिव्हरवाल्यांचा जीव जातो तो सगळ्यात जास्त वेळा लिव्हरने नाही, हार्टने. हे मी आतेभावाला सांगितलं तेव्हा मात्र त्याने पाव खाली ठेवला. त्याचे वडील त्यानेच गेले होते.

ग्रेडचा घोळ तर सगळीकडे आहे. लोक ग्रेड टू म्हटलं की कॅन्सरच्या स्टेजसारखं घाबरतात आणि ग्रेड वन म्हटलं की पास झाल्यासारखे हसतात. सोनोग्राफीवर लिव्हर शेजारच्या किडनीपेक्षा किती पांढरं चकाकतंय त्यावरून तो अंदाज असतो, चरबी किती याचा. व्रण किती धरलेत हे त्यात कळत नाही, आणि महत्त्वाचं तर तेच आहे. आत्याच्या डॉक्टरांनी, ज्यांच्यावर ती अजून रागावलेली होती, त्यांनीच नंतर कागदावर हिशोब करून दाखवला, फिब-४ म्हणतात त्याला, महागडी मशीन लागत नाही, वय, एसजीओटी आणि एसजीपीटी ही रक्तात मोजायची लिव्हरची दोन एन्झाइम्स, आणि प्लेटलेट एवढ्या चार आकड्यांत होतो. १.३ च्या खाली आलं तर साधारण निश्चिंत, २.६७ च्या वर गेलं तर लिव्हरच्या डॉक्टरांकडे पळा, आणि पासष्टीच्या पुढे खालची रेघ २ वर धरतात. तिचं आलं १.४७, अधलंमधलं. म्हणून फायब्रोस्कॅन. त्याला काही तास उपाशी जायचं असतं, उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, आणि बरगड्यांच्या मधल्या फटीत एक प्रोब हलकेच टिचक्या मारत राहतो. त्या टिचकीची लाट आत जाते, आणि व्रणांनी लिव्हर जितकं कडक तितकी ती जोरात पळते. आत्या आत गेली तेव्हा ओठ हलत होते तिचे. बाहेर आली तर म्हणते, "कोणीतरी दार वाजवत होतं गं आतून." आकडा ६.१ निघाला, आठच्या खाली, म्हणजे अजून व्रणांचं मोठं प्रकरण नाही. एसजीपीटी नॉर्मल असलं तरी आत गडबड असू शकते हेही मला तेव्हाच कळलं, नाहीतर आम्ही सगळे त्या एका आकड्यावर जीव टाकून बसलो होतो.

मधल्या काळात बातमी भजनी मंडळात पोचलीच होती, अर्धवट उघड्या दारातून. आणि तिची लाज जायला तेच कारण झालं, कारण निघालं असं की त्या एक्सरेवाल्या बाईंनासुद्धा फॅटी लिव्हर आहे, अजून दोघींना आहे, आणि चौघीही आपापल्या घरी पित्त म्हणून सांगत होत्या. मग काय, औषधांची रांग लागली. एकीने लिव्हर टॉनिकची बाटली दिली, एकीने भुईआवळ्याचा रस, आणि गुळवेलीचा काढा तर कोरोनापासून घरोघरी आहेच. गुळवेलीवरून माझं आणि आत्याचं कडाक्याचं भांडण झालं. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं, आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नव्हतं, वाद झाला होता. मी म्हटलं वाद असू दे, ज्याचं लिव्हर आधीच कुरकुरतंय त्याने डॉक्टरला न विचारता रोज कडू पाणी कशाला प्यायचं. "झाडपाल्याने कधी कोणाचं वाईट झालंय?" ती. मी धोतऱ्याचं नाव घेतलं तर फोन ठेवून दिला.

औषधं आहेत थोडीफार. आपल्याकडे २०२० मध्ये सॅरोग्लिटाझारला परवानगी मिळाली, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आलं, तेही सूज आणि व्रण असलेल्यांसाठी. आत्याला डॉक्टरांनी गोळी दिली नाही, त्याचं तिला वाईट वाटलं. गोळी नाही म्हणजे आजार नाही असा तिचा हिशोब. दिला तो आकडा, वजन ७१, त्यातले पाच किलो घालवा, सात गेले तर उत्तम. पाच टक्के वजन उतरलं तरी लिव्हरची चरबी कमी होते, सात ते दहा टक्क्यांनी सूज उतरायला लागते, दहाच्या पुढे व्रणसुद्धा माघार घेऊ शकतात. हळूहळू मात्र, उपाशी राहून धाडकन उतरवलं तर उलट पित्ताचे खडे होतात. आणि कंबर. बाईची ८० सेंटीमीटरच्या आत, पुरुषाची ९०. आत्याने शिवणकामाची टेप काढली, इंचाची, आम्ही बरगडी आणि कमरेच्या हाडाच्या मधोमध धरून मोजलं, अडतीस आलं. ८० म्हणजे साडेएकतीस. "साडेएकतीस माझ्या लग्नात होती," म्हणाली आणि पुढे कितीतरी वेळ लग्नातल्या ब्लाउजच्या गोष्टी.

चालायचं कुठे हा पुढचा प्रश्न. कृषीनगरच्या ट्रॅकवर मी तिला एकदा नेलं होतं. पहाटेची थंडी, कानटोप्या, घोळक्याने चालणारे रिटायर्ड लोक, बाहेर दुधीचा रस विकणारे. तिला ते आवडलं नाही, "नुसतं काय फिरायचं, कुठे पोचायचं नाही काही नाही." मग तिनेच मार्ग काढला. काळाराम मंदिराच्या त्या मोठ्या दगडी आवारात प्रदक्षिणा, काकड आरती झाल्यावर. पण प्रदक्षिणा ती घालते बोलत बोलत, ओवऱ्यांत कोण बसलंय बघत, त्याने लिव्हरला काही फरक पडत नाही. डॉक्टरांचं म्हणणं, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतका दम लागला पाहिजे, आठवड्याला दीडशे मिनिटं. आत्याने त्याचं स्वतःचं माप केलं. चालताना रोजचं स्तोत्र म्हणायचं, ओळ एका श्वासात पुरी झाली तर वेग कमी पडतोय, मध्ये तुटली तर बरोबर. आता ती पहाटे तिथे पुटपुटत, धापा टाकत, पदर खोचून सुटते, आणि मागून मंडळातल्या तिघी. मी एकदा बघायला गेले होते. काळा दगड पहाटेचा इतका गार की माझे तळपाय बधिर झाले, ह्या बायकांना काही नाही. एका आजोबांनी वाट सोडली आणि मला विचारलं, "नवस आहे का काही?" मी हो म्हटलं. आणि वजन फार नाही उतरलं तरी नुसत्या चालण्यानेही लिव्हरची चरबी थोडी हटते, हे तिला सांगितल्यापासून ती काट्यावर रोज उभी राहायची थांबली, ते एक बरं झालं.

उपवास तिने सोडले नाहीत आणि मी सोडायला सांगितलेही नाहीत. खिचडीच्या जागी ताक, काकडीची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर, मूठभर दाणे, अर्धं रताळं. एकादशीला मात्र खिचडी होते, छोट्या वाटीत, आणि ती आधीपेक्षा जास्त चविष्ट लागते असं ती म्हणते, त्यात मला थोडा टोमणा ऐकू येतो. चहा दोन कपांवर आलाय, साखर अर्धा चमचा, सपाट. काळी कॉफी पिणाऱ्यांच्या लिव्हरमध्ये व्रण कमी दिसतात असं बऱ्याच अभ्यासांत आलंय, म्हणून एक दिवस करून दिली, बिनसाखरेची. एक घोट घेऊन तुळशीला घातली. तुळस ठीक आहे.

द्राक्षांचं काय करायचं ते मात्र अजून सुटलेलं नाही. फेब्रुवारी-मार्चला दिंडोरीहून, पिंपळगावहून नातेवाइकांचे क्रेट येतात, एक्स्पोर्टमधून राहिलेला माल, दिसायला मणी जरा लहानमोठे पण गोडीला तोच. टीव्ही बघताना मांडीवर ताट घेतलं की अर्धा किलो कुठे गेला कळत नाही, आणि शंभर ग्रॅम द्राक्षांत साधारण पंधरा-सोळा ग्रॅम साखर असते, म्हणजे अर्ध्या किलोला जवळजवळ ऐंशी. वाटीभर खा, रस काढू नका, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं. पण ज्याने पाऊस-गारपिटीतून बाग वाचवली तो भाऊ स्वतः क्रेट आणून देतो आणि समोर बसून विचारतो कशी आहेत, त्याला वाटीचं गणित कसं सांगणार. आत्या क्रेट ठेवून घेते आणि संध्याकाळपर्यंत अर्धी आळी वाटते.

मधे तिला कळलं की २०२३ मध्ये जगभरच्या डॉक्टरांनी मिळून ह्या आजाराचं इंग्रजी नाव बदललं, आधीच्या नावात, ‘नॉन-अल्कोहोलिक’ असा नकार देऊन का होईना, दारू होती, ती काढून टाकली. मी सहज वाचून दाखवलं होतं. तिने ते मंडळात जाहीर केलं, आणि रिपोर्टची घडी आता फ्रिजवर लोहचुंबकाखाली आहे, लाइट बिलाशेजारी. आतेभावाने त्याचा फिब-४ काढला, ठीक आला, त्या आनंदात मिसळ खाल्ली. जिलबी नाही मागवली म्हणे. मला त्याचा फारसा विश्वास नाही.

सहा महिन्यांनी परत रक्त तपासायचंय, ती तारीख नेमकी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात येते. आमरसाशिवाय आखाजी होणार नाही हे ठरलेलं आहे, त्यात साखर घालायची नाही हेही तिने फारशी कटकट न करता मान्य केलं. पुरणपोळी एक. आता वाद उरलाय तो तपासणी आधी करायची की नंतर एवढाच. मी म्हणते नंतर, म्हणजे खरं काय ते कळेल. ती म्हणते आधी, आणि डॉक्टरांना तिने परस्पर फोनही केलाय.